वर्गातील शांतता कोणाच्या सोयीची?

गेल्या महिन्यात एका परिसंवादाला श्रोता म्हणून गेलो होतो. विषय होता ‘उच्च शिक्षणाचा खालावलेला दर्जा’. व्यासपीठावरील पाच वक्त्यांपैकी चौघांनी आपापल्या परीने एकच तक्रार मांडली : आजची मुले प्रश्न विचारीत नाहीत, त्यांच्यात जिज्ञासा उरलेली नाही, विशेषतः खेड्यापाड्यांतून येणारी मुले मागच्या बाकांवर दगडासारखी बसून राहतात आणि तास संपला की निघून जातात. एका वक्त्यांनी तर ‘घरातील पहिल्याच पिढीने कॉलेजची पायरी चढलेली असताना यापेक्षा अधिक अपेक्षा ठेवणेच चूक’ असा उदार निष्कर्षही काढला. अध्यक्षीय समारोप लांबल्यामुळे श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवलेली पंधरा मिनिटे रद्द करण्यात येत आहेत, असे सूत्रसंचालकांनी शेवटी जाहीर केले. यात काही विसंगती आहे असे सभागृहात कोणालाही वाटले नाही. सर्वजण चहाला गेले.

ही तक्रार प्रतिगाम्यांनी केली असती तर तिच्याकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु ती करणारे बहुतेक जण आपल्याच वर्तुळातील, समतेवर निष्ठा असलेले होते. म्हणूनच तिचा परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते. मी स्वतः चौतीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले आणि त्यांतील निदान पहिली दहा वर्षे हेच वाक्य शिक्षकांच्या खोलीत बसून अनेकदा उच्चारले. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात मीही उभा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

१९८९ सालची गोष्ट. द्वितीय वर्ष कला शाखेचा वर्ग, विषय प्रच्छन्न बेकारी. ज्यांनी अर्थशास्त्र वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एखाद्या कुटुंबाच्या शेतावर पाच माणसे राबत असतील आणि ते काम तिघांत होण्यासारखे असेल, तर उरलेली दोन माणसे वरवर कामात दिसत असली तरी प्रत्यक्षात बेकारच आहेत. त्यांची सीमान्त उत्पादकता शून्य आहे. त्यांना शेतीतून काढून कारखान्यात नेले तरी शेतीचे उत्पादन घटणार नाही, असा हा विचार. आर्थर लुईस यांनी १९५४ साली मांडलेल्या विकासाच्या प्रतिमानाचा तो पाया होता आणि आमच्या पाठ्यपुस्तकात तो वेदवाक्यासारखा छापलेला होता. मी तो फळ्यावर आकृती काढून समजावून दिला आणि नेहमीच्या सवयीने ‘कळले का?’ असे विचारून डस्टर उचलले. तेवढ्यात मागून तिसऱ्या बाकावरची एक मुलगी अर्धवट उभी राहिली. वर्षभरात हजेरीखेरीज तिचा शब्द मी ऐकला नव्हता. ती म्हणाली, “सर, जादा मानूस म्हंजी कोण? आई का? ती गेल्यावर खुरपायचं कुणी?”

‘म्हंजी’ या शब्दावर पुढचे बाक हसले. मीही हसलो. ‘तुझी आई सिद्धान्तात बसत नाही, ज्यांना परीक्षेला बसायचे आहे त्यांनी पुढे लिहून घ्या’, असे काहीतरी मी म्हणालो आणि हशा दुप्पट झाला. ती खाली बसली. त्यानंतर पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत तिने एकही प्रश्न विचारला नाही.

आता त्या प्रश्नाची योग्यता पाहा. जिची उत्पादकता शून्य म्हणून आम्ही फळ्यावरून पुसून टाकत होतो ती व्यक्ती खुरपणीच्या हंगामात शेतातून गेली तर पीक तणाखाली जाते, हे ती मुलगी सांगत होती. म्हणजे वर्षाची सरासरी काढून ज्याला जादा म्हणता येते ते मनुष्यबळ हंगामात जादा नसते, हा तिचा मुद्दा होता. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ साली याच अंगाने त्या सिद्धान्तावर हल्ला चढवला होता. त्यासाठी त्यांनी आधार घेतला होता तो भारतातील १९१८-१९ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीचा. साथीत शेतीतील लाखो माणसे दगावली. त्यांची उत्पादकता खरोखरच शून्य असती तर पेरणीखालील क्षेत्र घटावयास नको होते. पण ते घटले, असा त्यांचा युक्तिवाद. अमर्त्य सेन यांनी त्या युक्तिवादातील त्रुटी दाखवल्या आणि वाद पुढे चालू राहिला. १९७९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक लुईस आणि शुल्ट्झ या दोघांना विभागून देण्यात आले. ज्या वादातील दोन्ही बाजूंना जगाने एकाच वर्षी गौरवले तो वाद त्यानंतर दहा वर्षांनी माझ्या वर्गात, मागून तिसऱ्या बाकावरून, आपल्या पायांनी चालत आला होता. आणि मी त्याला विनोद करून हाकलून दिले.

मला शुल्ट्झ ठाऊक नव्हते असे नाही. एम. ए. ला ते मी वाचले होते, त्यांच्यावर टिपणे काढली होती. तरीही तो प्रश्न मला ओळखू आला नाही, कारण तो माझ्या ओळखीच्या वेषात आला नव्हता. ‘सर, या गृहीतकाची अनुभवसिद्ध कसोटी काय?’ असे शहरी शाळेतून आलेल्या एखाद्या मुलाने विचारले असते तर मी पंधरा मिनिटे बोललो असतो. प्रश्न तोच होता. त्याला अंगावर फक्त शेताची माती होती.

त्या प्रश्नाला आणखीही एक बाजू होती आणि ती तर मला पुष्कळ उशिरा कळली. ‘जादा माणूस’ म्हटल्याबरोबर त्या मुलीच्या डोळ्यांपुढे आई आली, बाप आला नाही. बाईचे काम हिशेबात धरले जात नाही, हे तिने घरात पाहिलेले होते. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. घरातल्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवतात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तीत आढळले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत ही मिनिटे मोजली जात नाहीत. सरकारी यंत्रणेने जे २०१९ साली मोजले त्याची चाहूल १९८९ सालच्या त्या प्रश्नात होती.

अशा किती प्रश्नांना आपण वर्गावर्गांत मूठमाती दिली असेल, याचा हिशेब कोणाजवळ नाही. आणि वर पुन्हा ‘मुले प्रश्न विचारीत नाहीत’ अशी तक्रार! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

मुलांचे मौन हा त्यांचा स्वभाव नसून त्यांनी केलेला हिशेब आहे, असे माझे प्रतिपादन आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी ते जमाखर्चाच्या भाषेत मांडतो. प्रश्न विचारण्याची किंमत काय पडते? उच्चाराची टिंगल होते. ‘आनि-पानी’वर हसणाऱ्या समाजात ‘न’ आणि ‘ण’ यांतील अंतर हे दोन जातींमधील, दोन वस्त्यांमधील अंतर असते; तोंड उघडले की आपण कोठून आलो हे उघड होते, हे मुलाला पहिल्याच आठवड्यात कळते. ज्या वर्गात शिष्यवृत्तीची यादी जातीच्या उल्लेखासह मोठ्याने वाचली गेली आहे, त्या वर्गात त्या यादीतील मुलगा पुन्हा स्वतःकडे लक्ष वेधून घेण्याचे धाडस का करील? मुलीने प्रश्न विचारला तर ती ‘आगाऊ’ ठरते आणि ही बातमी कधीकधी गावापर्यंत पोचते. हा झाला खर्च. आता जमेची बाजू पाहा. परीक्षा ज्या प्रश्नांवर होते ते छापील प्रश्नसंचात आधीच मिळतात आणि त्यांची उत्तरेही त्यातच असतात. स्वतःच्या मनात उठलेल्या प्रश्नाला गुणपत्रिकेत अर्धा गुणही नाही. खर्च मोठा आणि मिळकत शून्य असेल तर शहाणा माणूस तो व्यवहार करीत नाही. मागच्या बाकावरची मुले शहाणी आहेत, म्हणून गप्प आहेत.

या हिशेबात शिक्षणव्यवस्थेचा वाटा कोणता, तेही पाहू. माझ्या हजेरीपटावर १२० नावे असत आणि तास ४५ मिनिटांचा असे. म्हणजे एकूण २७०० सेकंद. शिक्षकाने चकार शब्द काढला नाही आणि सर्व वेळ मुलांना वाटून दिला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला साडेबावीस सेकंद येतात. या साडेबावीस सेकंदांतील मोठा भाग पहिल्या दोन बाकांवरील मुले घेतात. ती अधिक हुशार असतात असे नव्हे. घरी जेवताना वडीलधाऱ्यांशी वाद घालण्याची मुभा असलेल्या घरांतून ती आलेली असतात, एवढेच. संपत्तीप्रमाणे बोलण्याचेही केंद्रीकरण होते आणि ते मोडण्यासाठी कोणी हस्तक्षेप केला नाही तर ते वाढत जाते. खुल्या बाजारात सर्वांना समान संधी असते, या विधानावर आपण साथी मंडळी हसतो. मग ‘ज्याला प्रश्न असेल त्याने विचारावा, कोणी अडवले आहे?’ हे विधान आपण गंभीरपणे कसे करतो?

आणि शिक्षक तरी कोणत्या अवस्थेत आहे? कायम जागा रिकाम्या ठेवायच्या आणि तासिका तत्त्वावर माणसे नेमायची, हा आपल्या राज्यातील महाविद्यालयांचा शिरस्ता होऊन बसला आहे. जो प्राध्यापक तासावर पैसे मिळवतो त्याला तास संपल्यानंतरच्या वेळेचे काहीच मिळत नाही. अबोल मुलाचा प्रश्न मात्र नेमका घंटा झाल्यावरच येतो. सर्वजण गेल्यावर, दाराशी, वही छातीशी धरून, ‘सर, एक विचारू का?’ असा तो येतो. त्या वेळी सरांना दुसऱ्या गावच्या कॉलेजसाठी एस. टी. पकडायची असते. शिवाय ज्याची नेमणूक दर वर्षी संस्थाचालकांच्या मर्जीवर नव्याने व्हायची आहे, ज्याला ‘माझे चार महिन्यांचे मानधन कोठे आहे?’ हा साधा प्रश्न विचारण्याची सोय नाही, त्याने मुलांना निर्भयपणे प्रश्न विचारायला शिकवावे ही अपेक्षा क्रूर आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचाराचे गोडवे पानोपानी गाइले आहेत. घोकंपट्टीचा निषेधही आहे. त्याआधी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात, मुलाला भय आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावे व आपले विचार मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य करावे, असे स्पष्ट म्हटले आहे. शब्द उत्तम आहेत. परंतु तो कायदा चौदाव्या वर्षापर्यंत लागू आहे आणि त्या वयातही तो किती शाळांत पाळला जातो हे प्रत्येक पालक जाणतो. रिकाम्या जागा, १२० चे वर्ग आणि छापील प्रश्नसंच जसेच्या तसे ठेवून चिकित्सक विचाराचा आदेश काढणे म्हणजे विहीर न खोदता पाणीपट्टी आकारण्यासारखे आहे.

ही शांतता ज्यांच्या सोयीची आहे त्यांना ती आजच सापडलेली नाही. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्यांना एकामागून एक प्रश्न विचारीत जाते आणि एका टप्प्यावर तिला बजावले जाते की आता अधिक विचारू नकोस, तुझे मस्तक गळून पडेल. आपल्या परंपरेत स्त्रियांनाही प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य होते, याचा पुरावा म्हणून ही कथा सांगणारे लोक ते बजावणे सोयीस्करपणे गाळतात. याच्या उलट दुसरे उदाहरण पुण्याचे आहे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध प्रसिद्ध झाला. ती जोतिराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. वेदांवर आमचा अधिकार नसेल तर आमचा धर्म कोणता, असा प्रश्न त्या कोवळ्या मुलीने साऱ्या धर्मव्यवस्थेला विचारला. त्याआधी काही वर्षांपर्यंत तिच्या समाजातील मुलीच्या हाती पाटीही आलेली नव्हती. शेकडो वर्षांचे मौन तीनचार वर्षांच्या शाळेने मोडले. मग ‘पहिल्या पिढीकडून अपेक्षा ठेवणे चूक’ असे म्हणणाऱ्या परिसंवादी विद्वानांनी या निबंधाचे काय करायचे ते ठरवावे. मुक्ता पहिल्याच पिढीची होती. फरक तिला मिळालेल्या शाळेत होता.

१८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतिरावांनी, रयतेच्या घामातून आलेला महसूल वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, याकडे लक्ष वेधले होते. आज रयतेची मुले वर्गात येऊन बसली आहेत, हे निःसंशय मोठे यश आहे. परंतु वर्गातील वेळेचा महसूल अजूनही पहिल्या दोन बाकांवरच खर्च होतो.

येथे दोन आक्षेप घेतले जातील. पहिला, काही मुले स्वभावतःच अबोल असतात. त्यांना बळेच बोलायला लावणे हाही जुलूमच नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे. गप्प असलेला प्रत्येक जण दबलेला असतो असे नाही. कोणी विचार करीत असतो, कोणाला लिहून सांगणे सोपे जाते. ‘ए, मागचा निळा शर्ट, ऊठ, सांग’ असे फर्मावणाऱ्या शिक्षकाला मी प्रश्नांचा पुरस्कर्ता मानीत नाही. तो पोलिसी चौकशी करीत असतो. अबोल राहण्याचा अधिकार मला मान्य आहे. पण निवडीचे स्वातंत्र्य असते तेव्हाच तो अधिकार होतो. ज्याच्यापुढे दुसरा मार्गच नाही त्याच्या मौनाला स्वभाव म्हणणे ही फसवणूक आहे.

दुसरा आक्षेप, अभ्यासक्रम संपणार कसा? याला माझे उत्तर असे की, तो आजही संपत नाही. संपतो तो फक्त आमच्या टाचणवहीत. ब्राझीलमधील शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी प्रौढ शेतमजुरांना साक्षर करताना, शिक्षक ठेवी ठेवणारा आणि विद्यार्थी रिकामी तिजोरी, अशा ‘बँक’ पद्धतीच्या शिक्षणावर कठोर टीका केली होती. १९६४ च्या लष्करी उठावानंतर त्यांना तुरुंगात टाकण्यात आले आणि पुढे देश सोडावा लागला. शेतमजूर प्रश्न विचारू लागले तर काय होईल हे लष्करशहांना आपल्या प्राध्यापकांपेक्षा लवकर कळले होते.

उपाय काय, असे कार्यकर्ते मला विचारतील आणि तो त्यांचा हक्कच आहे. माझ्या अनुभवातील काही साध्या गोष्टी सांगतो.

अमेरिकेतील मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून मोजली. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असे तिला आढळले. तेच शिक्षक तीन सेकंद थांबू लागले तेव्हा उत्तरे लांबली, अधिक मुले बोलू लागली, ‘मंद’ समजली जाणारी मुलेही उत्तरे देऊ लागली आणि मुलांचे स्वतःचे प्रश्न वाढले. या सुधारणेला शासकीय अनुदान लागत नाही. शिक्षकाला फक्त स्वतःचे तोंड तीन सेकंद बंद ठेवावे लागते. माझा अनुभव असा की, सुरुवातीला हेच सर्वांत कठीण जाते.

‘कळले का?’ हा प्रश्न मी सोडून दिला. त्याचे एकच उत्तर येते. ‘यातले न पटणारे काय?’ असे विचारू लागलो. एकदम सर्वांपुढे बोलण्याऐवजी आधी शेजाऱ्याशी, आपल्या घरच्या बोलीत, दोन मिनिटे बोला, असे सांगू लागलो. शेजाऱ्यापुढे तपासून घेतलेला प्रश्न वर्गापुढे मांडण्याचे धैर्य अधिक असते. दर शुक्रवारी निनावी चिठ्ठ्या घेऊ लागलो. १२० पैकी पहिल्या दिवशी अकरा चिठ्ठ्या आल्या. दोन टवाळीच्या होत्या. एकीत लिहिले होते, ‘सर, तुम्ही फक्त पुढच्या दोन बाकांकडे बघून बोलता.’ नोकरीतील कोणत्याही गोपनीय अहवालाने मला इतके शिकवले नाही. आणि ज्याचे उत्तर येत नसेल त्याला ‘मला ठाऊक नाही, उद्या पाहून येतो’ असे उघडपणे म्हणू लागलो. त्याने माझी प्रतिष्ठा गेली नाही. गेली असती तरी ती जाण्याच्याच योग्यतेची होती. वर्षअखेर पंचवीस-तीस मुले बोलू लागत. नव्वद गप्पच राहत. हा विजय नव्हे, हे मी जाणतो. परंतु आधी बोलणारी मुले सहा होती.

मात्र केवळ शिक्षकाच्या सद्भावनेवर हा प्रश्न सुटणार नाही. रिक्त जागा कायम स्वरूपात भरल्या गेल्या पाहिजेत. तासिका तत्त्वावरील शिक्षकाला तासाबाहेर विद्यार्थ्यांसाठी दिलेल्या वेळेचा मोबदला मिळाला पाहिजे. तुकडीची संख्या साठाच्या आत आली पाहिजे. प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न असा हवा की ज्यात विद्यार्थ्याने स्वतःचा प्रश्न उपस्थित करून तो का महत्त्वाचा आहे ते सांगावे. या मागण्या फी, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह यांच्या बरोबरीने आपल्या निवेदनांत आल्या पाहिजेत. मूल वर्गापर्यंत पोचवणे ही लढाईची पहिली निम्मी बाजू होती. ते वर्गात बोलू लागणे ही दुसरी.

आणि शेवटी आपल्या स्वतःच्या घरात डोकावू. आपली अभ्यासशिबिरे आठवा. दीड तासाचे बौद्धिक, त्यानंतर ‘काही शंका?’, दोन ज्येष्ठांची प्रश्नाच्या वेषातील दोन भाषणे आणि जेवणाची घंटा. भिंतीला टेकून बसलेला, सायकलवरून वीस किलोमीटर आलेला तरुण जसा येतो तसाच परत जातो. स्त्री-कार्यकर्त्या बहुतेक वेळा चहाच्या व्यवस्थेत असतात. पुढच्या वर्षी तो तरुण आला नाही की आपण म्हणतो, ‘आजच्या पिढीला बांधिलकी नाही.’ समतेचे व्याख्यान ऐकताना ज्याला एकही प्रश्न विचारता आला नाही, त्याला समता आपली वाटावी तरी कशी?

पुढील शिबिरात बौद्धिक अर्ध्या तासाने कमी करा. तो अर्धा तास भिंतीला टेकून बसलेल्यांना द्या, आणि त्यांनी बोलायला सुरुवात करण्याआधी निदान तीन सेकंद थांबा.

ती मुलगी आज कोठे असेल मला ठाऊक नाही. पन्नाशी ओलांडलेली असेल. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी ३५ वर्षांहून अधिक काळ तिचे देणे लागतो. तिचा प्रश्न बरोबर होता आणि माझे पुस्तक अपुरे होते, एवढे दोन शब्द मी त्या दिवशी वर्गापुढे म्हणायला हवे होते. ते येथे म्हणतो.